पंचवीस गुणांचा माणूस



ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांची चर्चा होते, तेथून संगणकावरच्या एका खेळाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडी धिटाईच आहे. परंतु हा खेळ माणसे घडविण्याचा आहे, आणि माणसाचा स्वभाव म्हणजे काय हा प्रश्न या व्यासपीठाला खचित परका नाही. खेळाचे नाव ‘द सिम्स’. आपल्यापैकी कित्येकांच्या नातवंडांनी तो घरी मांडला असेल आणि आपण त्याला भातुकली म्हणून सोडून दिले असेल. भातुकली तर ती आहेच. मात्र या भातुकलीतल्या बाहुल्यांना स्वभाव असतो, आणि तो आपल्यालाच ठरवावा लागतो.

हा खेळ विल राइट या अमेरिकन रचनाकाराच्या कल्पनेतून निघाला. १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर भीषण वणवा पेटला आणि त्यात राइट यांचे घर जळून गेले. मोडलेला संसार पुन्हा उभा करताना कोणती वस्तू खरोखर लागते आणि ती का लागते, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. आरंभी त्यांचा बेत घरबांधणीच्या खेळाचा होता. घर राहण्याजोगे झाले की नाही एवढे सांगण्यापुरती त्यात माणसे घालावयाची होती. पण घरापेक्षा माणसेच अधिक वेधक ठरली. मॅक्सिस या कंपनीने तयार केलेला हा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला, आणि २००२ साली तोवरच्या सर्व संगणक-खेळांत तो खपाने पहिला ठरला.

या पहिल्या खेळात माणसाला नाव, चेहरा आणि कपडे दिल्यावर पाच गोष्टी ठरवाव्या लागत: नीटनेटकेपणा, मिळून मिसळून वागणे, चपळाई, खेळकरपणा आणि सौजन्य. प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण. म्हणजे सर्वगुणसंपन्न माणसाला पन्नास हवेत. वाटावयाला मिळत मात्र पंचवीसच! आमच्या मते या खेळातले सर्वांत शहाणपणाचे वाक्य या पंचविसाच्या आकड्यात आहे. सौजन्याचे माप काठोकाठ भरावे, तर टापटीप किंवा चपळाई यांतून काही काढून घ्यावे लागते. पत्रिका जुळविताना आपण छत्तिसांपैकी अठरा गुणांवर समाधान मानतो. तो हिशेब दोघांचा. इथे एकट्या माणसालाच अर्ध्यावर भागवावे लागते.

पण हे गुण म्हणजे अंगावर मिरवावयाचे दागिने नव्हेत. त्यांचे काम कसे चालते ते पाहा. त्या माणसाला आठ गरजा असतात: भूक, आराम, स्वच्छता, नैसर्गिक विधी, झोप, करमणूक, सहवास आणि भोवतालची प्रसन्नता. घरातली प्रत्येक वस्तू जणू बाजारातल्या विक्रेत्यासारखी हाका मारीत असते. शीतकपाट म्हणते, ‘माझ्याकडे भूक भागेल’. दूरदर्शन-संच म्हणतो, ‘माझ्याकडे मन रमेल’. कोणाच्या हाकेला ओ द्यावयाची, हे त्या क्षणीची गरज आणि स्वभाव मिळून ठरवितात. जेवण झाल्यावर नीटनेटका माणूस कोणी न सांगता ताटली उचलतो. गबाळा ती तेथेच टाकून निघून जातो.

आणखी एक गंमत आहे. ज्याला आपण माणसांत रमण्याचे गुण भरभरून दिले, तोच एकटेपणाने लवकर कासावीस होतो. अबोल माणूस मात्र सहवासावाचून बराच काळ निभावून नेतो. म्हणजे गुण आणि गरज ही एकाच नाण्याची दोन अंगे झाली. घरातल्या बोलघेवड्या माणसाचे आपण कौतुक करतो, पण त्याला ऐकणारा कोणी लागतो, हे किती जणांच्या ध्यानात येते?

पुढे २००४ च्या दुसऱ्या खेळात माणसे वयाने वाढू लागली आणि आईबापांचा तोंडवळा मुलांत उतरू लागला. २००९ च्या तिसऱ्या खेळात आकडे गेले आणि शब्द आले: पुस्तकवेडा, विसरभोळा, भित्रा, तापट असे पाच विशेष प्रौढ माणसाला द्यावयाचे. २०१४ च्या चौथ्या खेळात ते तीनच उरले आणि जोडीला आयुष्याचे एक ध्येय आले. तीन शब्दांत माणूस मावतो काय, अशी शंका कोणी घेईल. पूर्ण मावत नाही, हे उघड आहे. परंतु ‘तापट, पण मनाचा मोठा’ एवढ्यावर आपणही शेजाऱ्याला ओळखतोच ना? त्यातला ‘पण’ महत्त्वाचा. दोन विशेष एकमेकांशी भांडू लागले की माणूस जिवंत होतो. केवळ सद्गुणांची मोळी बांधली, तर घर सुरळीत चालते. पाहण्याजोगे मात्र त्यात फारसे काही घडत नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्याकडे येतो. तिसऱ्या खेळात मूल जन्माला येते तेव्हा त्याचे विशेष कोण ठरवितो? गर्भारपणी आईला सुखात ठेवले, पुढे मुलाचा अभ्यास नीट करून घेतला, तर ती निवड खेळणाऱ्याच्या हाती येते. हयगय झाली, तर खेळ आपल्या मनाने काहीतरी देऊन टाकतो. थोडक्यात, जो काळजी घेतो त्याला मुलाचा स्वभाव ठरविण्याचा हक्क मिळतो! खेळापुरते हे ठीक आहे, कारण तिथले मूल आपल्याला विचारावयास येत नाही. परंतु आपल्या घराघरांतून हाच नियम खरा मानून आपण चालत आलो आहोत. ‘तुझ्यासाठी एवढे केले’ या वाक्यापाठोपाठ मुलाने काय व्हावे याची यादी येते, आणि अबोल मुलाला चारचौघांत बोलते करण्यासाठी आपण त्याचा पिच्छा पुरवितो. खऱ्या संसारात काळजीचे फळ नेमके उलटे असावयास हवे: जितकी माया अधिक, तितकी निवड मुलाची.

त्याच खेळात एक कळ आहे. ती चालू ठेवली की माणसे हुकमाची वाट न पाहता आपल्या मनाने वागतात. खेळणारा हात बाजूला ठेवतो आणि आपण ज्याला घडविले तो आता काय करतो हे नुसते पाहत बसतो. या पाहण्यातही मोठा आनंद आहे, आणि तो खेळापुरताच राहू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.