झीज : एका शब्दाचा उगम आणि अर्थ
(ठाणे जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



कल्याणच्या पुढे अंबरनाथ येथे वालधुनीच्या काठी शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. नऊ शतकांहून अधिक काळ ऊन आणि कोकणचा पाऊस सोसून तेथील कित्येक मूर्तींचे नाकडोळे पुसट झाले आहेत. तो दगड कोणी फोडला नाही, तो झिजला. मोडणे, फुटणे ही क्षणाची कामे. झिजणे हे काळाचे काम. झीज होताना दिसत नाही, झाल्यावर दिसते.

या शब्दाचे मूळ संस्कृत 'क्षि' धातूत आहे. 'क्षीयते' म्हणजे कमी होत जाते. प्राकृतात त्याचे 'झिज्जइ' झाले आणि त्यातून मराठीचे 'झिजणे' आले. 'क्षरति' वरून 'झरणे' आले, तेही याच वाटेने. 'क्ष' नेहमीच 'झ' होतो असे मात्र नाही. क्षीराची खीर झाली आणि क्षेत्राचे शेत झाले. 'क्षि' धातूचाच 'क्षय' हा शब्द पोथीतून जसाच्या तसा आला आणि रोगाच्या व तिथीच्या नावात राहिला. 'झीज' मात्र लोकांच्या तोंडी वाढली. सहाणेवरचे चंदन झिजते, नांगराचा फाळ झिजतो, हातातले नाणे झिजते. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की दळण नीट पडत नाही. मग पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यावी लागते.

या क्रियापदाची दोन रूपे आपण विशेष ध्यानी घ्यावीत. 'झिजणे' आपले आपण घडते. 'झिजविणे' दुसऱ्यावर घडते. लोकांसाठी देह झिजविला, असे आपण आदराने म्हणतो. परंतु 'कचेरीचे उंबरठे झिजविले' हा वाक्प्रचारही याच भाषेतला आहे, आणि तो आपल्याला उद्देशून आहे. एका दाखल्यासाठी खेड्यातला माणूस चार खेपा घालतो, तेव्हा उंबरठ्याचे लाकूड फारसे झिजत नाही. झिजते ती त्याची चप्पल, बुडते ती त्याची मजुरी आणि कमी होतो तो त्याचा शासनावरील विश्वास. त्या विश्वासाला टाकी लावून देणारा पाथरवट मिळत नाही.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. कायद्याने मुदत घातली. ती पाळणे आपल्या हाती आहे. चंदनाने झिजावे, उंबरठ्याने झिजू नये, एवढेच या शब्दाच्या निमित्ताने सांगावयाचे होते.