वैद्यकाचा विद्यार्थी आणि स्वतःचें औषध



घरांतील मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकूं लागली, कीं आप्तेष्ट औषधाची चौकशी तिच्यापाशीं करूं लागतात. अर्धवट ज्ञानाला मिळणारा हा मान गोड असतो. परंतु या नवख्या वैद्याचा पहिला रोगी बहुधा तो स्वतःच असतो. आज त्याच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

दुसऱ्या वर्षीं औषधिशास्त्राचा अभ्यास सुरू होतो. नांवें आणि मात्रा पाठ होतात, वसतिगृहांतील वरच्या वर्गाचा सोबती सल्ला देतो, आणि ओळखीचा औषधविक्रेता चिठ्ठी मागत नाहीं. मग सर्दीवर अॅझिथ्रोमायसिन, परीक्षेच्या आदल्या रात्रीं झोंपेसाठीं अल्प्राझोलम, असा क्रम चालू होतो. वस्तुतः सर्दी विषाणूंमुळें होते. तिच्यावर प्रतिजैविकाचा कांहीं उपयोग नाहीं. उलट शरीरांतील जंतूंपैकीं दुबळे मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांतच इशारा दिला होता, कीं अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधाला सरावतील. अल्प्राझोलमची तर संवयच जडते.

यावर कायदा नाहीं असें नव्हे. आपल्या देशांत अशीं औषधें चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई आहे. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचेंही बंधन आहे. पण ज्याला उद्यां चिठ्ठी लिहावयाची आहे, त्याला हें बंधन आपल्यासाठीं नाहीं असें वाटतें.

ज्ञान पुरें झालें म्हणजे हा धोका टळतो काय? १८८४ सालीं कोकेननें अवयव बधिर करतां येतो हें सिद्ध झाल्यावर न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड व त्यांचे सहकारी यांनीं तें स्वतःवरच टोंचून पाहिलें. हॉल्स्टेड त्या व्यसनांत सांपडले, आणि पुढें मॉर्फिनचें व्यसनही त्यांना जडलें. त्यांच्या विद्येंत उणें नव्हतें. उणीव होती ती तिऱ्हाईत दृष्टीची. रोगी जें सांगत नाहीं तें वैद्य विचारून काढतो. दोघे एकच असले, म्हणजे नकोसा प्रश्न विचारलाच जात नाहीं. झोंप कां येत नाहीं, मन कशानें खचलें आहे, हें गोळीखालीं दडून जातें.

आणि स्वतःला लागलेली हीच संवय उद्यां रोग्यांच्या चिठ्ठींत उतरते. म्हणून महाविद्यालयांनीं विद्यार्थ्यांसाठीं गुप्तता पाळणारा स्वतंत्र वैद्य नेमावा. पालकांनीं मुलाला औषध विचारण्याआधीं त्याची प्रकृति विचारावी. दुसऱ्या वैद्याकडे जाणें हा वैद्याला कमीपणा नव्हे, एवढें त्याला घरींच समजावें.