फाईल कुणाच्या काखेत?



डॉक्टरांच्या मदतीने मरण, असं नुसतं म्हटलं तरी सभागृहात दोन तट पडतात. एकाच्या मते जीव नेण्याचा अधिकार फक्त देवाचा, दुसऱ्याच्या मते शरीर माझं, निर्णयही माझा. दोघांनाही मी आधी कॅन्सरच्या ओपीडीबाहेर उभं करीन.

बाबा आत वजनकाट्यावर. मुलगा दारातच डॉक्टरांना गाठतो. "बाबांना काही बोलू नका हं, धसका घेतील. आम्ही अल्सर सांगितलाय." फाईल त्याच्या काखेत. बाबा निवृत्त हेडमास्तर, चष्मा खिशात, रिपोर्ट सहज वाचू शकतील. पण फाईल त्यांच्या हाती जाणार नाही. हे प्रेमापोटीच चालतं, याबद्दल मला शंका नाही.

आता असं मरण मागू देणारा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा कायदा पाहा. तो 1997 पासून लागू आहे. दुखणं बरं होणारं नाही आणि आयुष्य सहा महिन्यांहून जास्त उरलेलं नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं. रुग्णाने दोनदा तोंडी आणि एकदा लेखी मागणी करायची. डॉक्टर इंजेक्शन देत नाही. औषध लिहून देतो, घ्यायचं ते रुग्णाने स्वतः. गंमत अशी, की औषध लिहून घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. आणि मागणीमागे वेदनेपेक्षा जास्त वेळा कारण सांगितलं जातं ते, आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलं नाही, हे. म्हणजे वेदना शमवली की प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनाही तिथे गप्प बसावं लागतं.

पण हा सगळा डोलारा एका खांबावर उभा आहे: रुग्णाला आपला आजार ठाऊक आहे. आमच्या हेडमास्तरांनी कशाच्या आधारावर अर्ज करायचा? अल्सरच्या?

"सोडवा आता मला" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्यात कधी मॉर्फिन न मिळालेली वेदना असते, कधी विकलेल्या अर्ध्या एकराची टोचणी, कधी खरोखरच निघायची तयारी. जिथे बिल मुलगा भरतो आणि निदानही त्यालाच ठाऊक असतं, तिथे या तिन्हींतला फरक डॉक्टरने ओळखायचा कसा? म्हणून जीव घेणारं औषध आज तरी आपल्या डॉक्टरांच्या हाती देऊ नये, असं माझं मत आहे. देवाचा अधिकार वगैरे कारण मी पुढे करत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तर तेवढंही बोलता येत नव्हतं. 1973 मध्ये त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, तेव्हापासून 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणींनी त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं, केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. 2011 मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्याच निकालाने कृत्रिमरीत्या जगवणारे उपचार थांबवण्याची वाट मात्र उघडली. 2018 मध्ये उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता मिळाली, 2023 मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मॅजिस्ट्रेटकडे जायची गरज उरली नाही.

व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत, हे त्यात लिहिता येतं. आपल्याला बोलता येईनासं झालं तर कोणी बोलावं, त्याचं नावही. सुनेचं लिहायचं की मुलीचं, यावरून घरात वाद होईल. तो आपण धडधाकट असताना, जेवणाच्या टेबलावर झालेला बरा. आयसीयूच्या दारात त्याला फुरसत नसते, आणि तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.