अर्जाची मुदत आणि आपण गांवकरी



आज या पारावर शेतकरी, कुंभार, सुतार, परीट, धनगर अशी सर्व मंडळी कामधंदा आटोपून जमली आहे. सबब आम्ही लांबण लावीत नाहीं. आरंभींच एक सांगून टाकतों. आम्ही पडलों शाळामास्तर, पगार जिल्हा परिषदेचा. आम्हांस निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं व कोणत्याही पार्टीचा झेंडा धरतां येत नाहीं. तेव्हां अमक्यास निवडा असें आम्ही सांगणार नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत गरिबाचा पराभव पुष्कळदां मतदानाच्या आधींच, तालुक्याच्या कचेरींत अर्ज घेणाऱ्या टेबलाजवळ होतो. आणि तो मतांअभावीं नव्हे, कागदांअभावीं होतो.

मागील एक दाखला घ्या. 15 जानेवारी 2021 रोजीं या राज्यांत 14,234 ग्रामपंचायतींसाठीं मतदान ठरलें होतें. अर्ज घेण्याची मुदत 23 ते 30 डिसेंबर 2020, वेळ सकाळीं 11 ते दुपारीं 3. आठ दिवस आहेत म्हणून लोक निर्धास्त राहिले. पण 25, 26 व 27 या तीन सुट्ट्या वगळल्या कीं उरले पांच दिवस, रोजचे चार तास. म्हणजे अवघे वीस तास! त्यांत अर्ज संगणकावर भरावयाचा, त्याची छापील प्रत काढून सही करावयाची व ती नेऊन द्यावयाची. शेवटीं शेवटीं अशी झुंबड उडाली कीं संगणक अडून बसला. अखेर आयोगानें हातानें भरलेले अर्ज घेण्यास मुभा दिली आणि शेवटच्या दिवसाची वेळ साडेपांचपर्यंत वाढविली. पण अशी सवलत दरखेपेस मिळेल या भरंवशावर कोणीं राहूं नये.

आतां आमच्या अनुभवाची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं ओबीसी स्त्रीसाठीं एक जागा राखीव निघाली. कुंभारवाड्यांतली एक बाई, नवऱ्यामागें चाक आणि भट्टी दोन्ही संभाळणारी, उभी राहण्यास तयार झाली. जातीचा दाखला घरीं होता. पण राखीव जागेस नुसता दाखला पुरत नाहीं. पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्र लागतें. तें हातीं नसेल तर समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि ठरल्या मुदतींत प्रमाणपत्र आणून देईन असें हमीपत्र लागतें. पडताळणीसाठीं ओबीसींकडून 13 ऑक्टोबर 1967 पूर्वींचा पुरावा मागतात, आणि बाईची जात माहेरची धरतात. म्हणजे सासरचीं कागदपत्रें पेटीभर असलीं तरी उपयोग नाहीं. बाप, आजा ज्या शाळेंत शिकले तेथील जुन्या रजिस्टराचा उतारा पाहिजे. बाई माहेरीं गेली. शाळेंत रजिस्टर होतें, पण कपाटाला कुलूप, आणि किल्ली रजेवर गेलेल्या मुख्याध्यापकांजवळ. त्या शाळेंत आम्ही तेव्हां नोकरीस होतों. आम्ही तिला म्हणालों, "ताई, उद्यां या." उद्यांचा दिवस अर्जाचा शेवटचा आहे हें तिनें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं उतारा मिळाला. पण समितीकडे अर्ज देऊन पावती आणीपर्यंत तीन वाजून गेले होते. जागेसाठीं दुसरा एकच अर्ज होता. तो बिनविरोध गेला. बाईनें आम्हांस बोल लावला नाहीं. आम्हांस मात्र ती किल्ली अद्याप विसरतां येत नाहीं.

दुसरी अडचण घरपट्टीची. मागणीचें बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाहीं तर माणूस अपात्र ठरतो. आणि कुटुंब एकत्र असेल तर थकबाकी एका भावाची व अपात्रता सगळ्यांची! चूल वेगळी केली पण कागदोपत्रीं घर एकच, असे आपल्यांत थोडे आहेत काय? मात्र अर्ज भरण्याच्या ठरलेल्या दिवसापूर्वीं बाकी भरली तर हा दोष जातो. म्हणून पावती आजच घ्यावी, आणि ती आढ्याला खोंचून उंदरांस देऊं नये.

बाकीचें थोडक्यांत. वय 21 पुरें हवें, गांवच्या मतदार यादींत नांव हवें. 12 सप्टेंबर 2001 नंतर मूल होऊन मुलांची संख्या दोनाहून अधिक झाली असेल तर उभें राहतां येत नाहीं. सरकारी जागेवर अतिक्रमण नको, घरीं वापरांतलें शौचालय हवें. 1 जानेवारी 1995 रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यास सातवी पास असल्याचा दाखला लागतो. ज्यांनीं पोरीला सहावींतून काढून खुरपणीस धाडलें, त्यांनीं तिची पंचायतींतली खुर्चीही त्याच दिवशीं काढून घेतली.

अर्ज मंजूर झाला म्हणजे भागलें असेंही नाहीं. छाननीनंतर माघारीची मुदत येते, आणि खरा दाब त्या दिवसांत पडतो. कोणी देवळाला पैसे देऊं करतो, कोणी उसनवारीची आठवण करून देतो. उमराणें आणि खोंडामळी या गांवीं पदांचा जाहीर लिलाव झाला, तेव्हां आयोगानें जानेवारी 2021 मध्यें तेथील निवडणूकच रद्द केली. गांवांत एकी असावी हें आम्हांसही वाटतें. पण बोली लावून आणलेली एकी म्हणजे बैलबाजार. माघारीच्या कागदावर आपल्या बाईची सही घेण्यास कोणी आला, तर बाईला आधीं तो वाचूं द्यावा.

आणि निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलेल्या उमेदवारानें सुद्धां. न दिल्यास पांच वर्षेंपर्यंत उभें राहण्यास बंदी होऊं शकते. पडलेला माणूस रागानें घरीं बसतो, आणि पुढची खेपही घालवून बसतो.

येत्या रविवारपासून संध्याकाळीं सहा ते आठ आम्ही शाळेच्या ओट्यावर बसूं. कोणत्याही पार्टीचा असो, कागद पाहून काय कमी आहे तें सांगूं. बायांनीं माहेरच्या शाळेचें नांव आणि वडिलांचें शाळेंत घातलेलें पूर्ण नांव विचारून यावें. आमच्या शाळेच्या कपाटाची एक किल्ली आतां आमच्याजवळ असते.