म्यानाची तहनाळ

तलवारीची कीर्ती सर्वत्र गायिली जाते. म्यानाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. उत्तर युरोपातील व्हायकिंगांच्या तलवारींची कथाही काही निराळी नाही. स्वीडनमधील बिर्का येथे ह्याल्मार स्टोल्पे यांनी १८७१ पासून जे उत्खनन केले, त्यात सुमारे ११०० थडगी उघडली गेली. त्या बेटावर दहाव्या शतकातील काशाच्या तहनाळी, म्हणजे म्यानाच्या टोकावर बसविलेल्या टोप्या, मिळाल्या. त्यांपैकी काहींवर पंख पसरलेला पक्षी जाळीदार कोरणीतून उमटला आहे. असाच पक्षी थेट रशियातील ग्न्येझ्दोवोपर्यंत आढळतो. पेटर पाउलसेन यांनी १९५३ साली या तहनाळींवरच एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आज अनेक कारागीर त्यांच्या प्रतिकृती ओततात आणि त्या हुबेहूब साधतात. अडचण पुढे येते. तहनाळ हाती आली, पण ती बसवायची कशावर? मूळ म्यान लाकडाच्या दोन पातळ फळ्यांचे, वरून कातडे चढविलेले आणि आतून पुष्कळदा लोकरीचे अस्तर दिलेले असे. लोकरीतील स्निग्धांशाने पाते गंजत नसावे, असे मानतात. हे सारे मातीत कुजून गेले. जे थोडे उरले, ते गंजलेल्या पात्याला चिकटून, त्या गंजातच मुरलेले! प्रामाणिक कारागीर म्हणूनच काशाच्या झळाळीपेक्षा त्या गंजाकडे अधिक निरखून पाहतो.