खर्च न वाढवता वजन उतरवताना



वजन कमी करायचं मनात आलं की माणसं आधी खर्चाचा हिशेब करतात. जिमची फी, ओट्सची पाकिटं, ग्रीन टी, शेजारणीने सांगितलेली कसली तरी पावडर. बेरीज केली की महिन्याच्या पगारात ती बसत नाही, आणि मग ‘हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे’ म्हणून विषय तिथेच सोडून देतात. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी पुष्कळजण याच विचाराने दोन-चार वर्षं उशिरा आलेले असतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कारण वजन उतरवायला वाणसामानाच्या यादीत नवं काही वाढवावं लागत नाही. यादीतलेच थोडे पैसे इकडचे तिकडे करावे लागतात. तेल, साखर, फरसाण, बिस्किटं यांवरचे काही पैसे डाळी, कडधान्यं, भाजी, आणि तुम्ही खात असाल तर अंडी, यांच्याकडे वळवायचे. आज मी एवढंच सांगणार आहे, पण नीट हिशेब करून.

आधी आपल्याला वजन उतरवायची गरज आहे का, ते पाहू. काटा नसला तरी चालेल. एक सुतळी घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी कापा आणि मधोमध दुमडा. श्वास सोडून, पोट आत न ओढता, ती दुमडलेली सुतळी कमरेभोवती धरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. टोकं जुळली तर ठीक. जुळत नसतील, तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे पोटावर चरबी साठली आहे. टेप असेल तर भारतीयांसाठी धोक्याची रेषा बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर अशी धरतात.

काट्यापेक्षा कमरेवर माझा भर का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण हडकुळे दिसत असलो तरी आत चरबी असू शकते, आणि आपल्याकडे मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा इथे आहे. म्हणून ‘मी कुठे जाडा आहे’ असं म्हणणाऱ्यांनीही ती सुतळी एकदा लावून पाहावी.

आता एक दिवस डोळ्यांसमोर आणा. कल्याणला राहणारी, दादरला दुकानात काम करणारी एक बाई. पहाटे साडेचारला उठते. सगळ्यांचे डबे भरून होईपर्यंत चहा आणि चार बिस्किटं, बस्स. दुपारी डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी. दुकानात दोन-तीन वेळा चहा. संध्याकाळी सहाला पोटात आग पडते, म्हणून स्टेशनाबाहेर वडापाव. घरी पोहोचून स्वयंपाक करता करता हातात येईल ते तोंडात टाकणं. जेवण रात्री दहाला, आणि शेवटी पातेल्यात उरलेला भात, पोराने टाकलेली अर्धी पोळी, ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून तिच्याच पोटात. ती मला म्हणते, ‘ताई, मी तर दिवसभर काहीच खात नाही.’ ती खोटं बोलत नाही. तिला जेवायला बसल्याचं आठवतच नाही, कारण ती फारशी बसलेलीच नसते.

या दिवसात मी सगळ्यात आधी वडापावाला हात लावत नाही. मी दुपारचा डबा उघडते. चार पोळ्या आणि बटाटा, म्हणजे पिठावर पीठ. प्रथिनं जेमतेम. असं जेवण पोटात टिकत नाही आणि सहाला भूक लागणारच. ही आपल्या एकट्या बाईची गोष्ट नाही. बाजारात सगळ्यात स्वस्त पोट भरतं ते धान्याने. रेशनवर पात्र कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो गहू-तांदूळ मिळतात, त्याचा मोठा आधार आहे आणि तो हवाच. पण डाळ महाग, म्हणून आमटी पातळ होत जाते आणि ताटातला भात वाढत जातो. पैसे कमी असलेल्या घरात वजन वाढतं ते अनेकदा असं. त्याला खादाडपणा म्हणणं अन्याय आहे.

तर डब्यात दोन किंवा तीन पोळ्या, आणि बटाट्याच्या जागी मटकीची, चवळीची किंवा मसुराची घट्ट उसळ. सोबत काकडी, मुळा, गाजर, जे त्या दिवशी स्वस्त असेल ते. संध्याकाळसाठी पर्समध्ये फुटाण्यांची पुडी. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाण्यांत शंभर-सव्वाशे कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि खर्च येतो चार-पाच रुपये. वडापावात अडीचशे-तीनशे कॅलरी असतात आणि खर्च पंधरा ते वीस रुपये. महिन्याच्या पंचवीस दिवसांत या एका बदलातून अडीचशे रुपये तरी हातात राहतात. या पैशांत घरातली उसळ निघते. वडापाव कायमचा बंद करा असं मी सांगणार नाही. आठवड्यातून एकदा, आवडीने, उभं राहून न खाता बसून खावा.

उसळीला वेळ कुठून आणायचा? शनिवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजत घाला. रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. रात्रीपर्यंत मोड येतात. फ्रिज असेल तर डब्यात भरून ठेवा, चार माणसांना तीन दिवस पुरते. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतीच भिजवा. मसूर तर तासाभरात भिजतो. मोड आलेलं कडधान्य कच्चं न खाता कुकरला एक शिटी द्यावी, म्हणजे पोटाला त्रास होत नाही. सोमवारी पहाटे फक्त फोडणी उरते.

आणि फोडणीशी आलोच आहोत, तर इथे जरा थांबू या. कारण आपल्या स्वयंपाकघरात वजन वाढवणारी सगळ्यात मोठी गोष्ट तेल आहे, आणि ते आपण कधीच मोजत नाही. पोळी मोजतो, भात मोजतो, तेल ‘अंदाजाने’. एक ग्रॅम पिठात साधारण साडेतीन कॅलरी असतात, तर एक ग्रॅम तेलात नऊ. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, जवळजवळ एक पोळी. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागणं अगदी नेहमीचं आहे. ते अडीच लिटरवर आणलं, तर माणशी रोज शंभर कॅलरी कमी होतात, आणि आजच्या भावाने दोनशे रुपयांच्या आसपास वाचतात. कुणालाही उपाशी न ठेवता!

हे करायचं कसं? नवी पिशवी फोडलीत की तिच्यावर तारीख लिहा. बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद करा, फोडणीला चमचा वापरा. चौघांच्या भाजीला दोन-तीन लहान चमचे पुरतात. आपल्या आज्या भाजी कशी करत होत्या ते आठवा. फोडणी दिली, भाजी टाकली, कढईवर खोलगट ताटली आणि त्या ताटलीत पाणी. आतल्या वाफेवर भाजी शिजते, करपत नाही, आणि लागलंच तर ताटलीतलं गरम पाणी भाजीत घालता येतं. दुधी, कोबी, फरसबी, लाल भोपळा, सगळ्या भाज्या अशा उत्तम होतात. पोळीला वरून तेल लावायची सवय सोडली तर आणखी फरक पडतो. आणि दाण्याचं कूट, ओलं खोबरं, ही आपली चव आहे खरी, पण तीही चरबीच आहे. दोन चमच्यांच्या जागी एक घाला.

चहाचं थोडक्यात सांगते. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत आणता आली तर उत्तम. चहा सोडू नका. आठवड्याला पाव-पाव चमचा साखर कमी करा, जिभेला सवय होते. बिस्किटं मात्र सोडाच. मैदा, साखर आणि पामतेल, यापलीकडे त्यांत फारसं काही नसतं.

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, तिला तेल लागत नाही आणि ती पोटात टिकते. पण ‘गहू सोडा, वजन उतरेल’ असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. पीठ तेवढंच घेतलं तर कॅलरीही जवळपास तेवढ्याच. उपासाचंही तसंच आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात दाणे, तूप आणि बटाटा पडला की उपासाच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पोटात जातं. उपास करणारच असाल तर उकडलेलं रताळं, ताक, काकडीची कोशिंबीर, एखादा पेरू एवढं घ्या.

व्यायामाला वेळ नाही, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. म्हणून वेळ काढा असं न सांगता, जातच असलेला वेळ वापरा असं सांगते. स्टेशनला शेअर रिक्षाने जात असाल आणि अंतर दीड किलोमीटर असेल, तर चालत वीस मिनिटं लागतात. जाता-येता चाळीस. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दोनशे मिनिटं. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, दम थोडा वाढेल अशी हालचाल करावी, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे, आणि ती तुकड्यातुकड्याने केलेली चालते. रिक्षाचे पैसेही वाचतात. रात्री उशीर झाला किंवा रस्ता सुनसान असेल तर रिक्षा करा, तिथे काटकसर नको. कुकरच्या शिट्या होईपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठा-बसा. मांड्यांचे स्नायू टिकले तर वजन उतरताना अशक्तपणा येत नाही. आणि झोप. पाच तासांच्या झोपेवर काढलेल्या दिवशी भूक जास्त लागते, गोडाकडे हात जातो.

आता अपेक्षा किती ठेवायची? आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर ते उत्तम. काही आठवडे काटा हलणार नाही, तेव्हा सुतळी लावून पाहा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल करायची, एवढंच ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या माणसाचे सात टक्के म्हणजे पाच किलोही नाहीत. महिन्यात दहा किलो उतरवून देणारी पावडर किंवा चहा विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्यांत काय घातलेलं असतं, ते घेणाऱ्याला कळत नाही.

गरोदर बायकांनी वजन उतरवायच्या भानगडीत पडू नये. अंगावर पाजणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. काही न करता वजन भराभर वाढत किंवा उतरत असेल तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, तिचा फायदा घ्या.

शेवटी घरातल्या पुरुषांना एक विनंती. मी सांगितलेलं सगळं स्वयंपाकघरात घडतं, आणि बहुतेक घरांत तिथे एकटी बाई उभी असते. तिलाच पहाटे आणखी अर्धा तास लवकर उठवून हे होणार नाही. कामावरून परतताना बाजारातून भाजी तुम्ही आणा, संध्याकाळी उशिरा जुडी स्वस्तही मिळते. रात्री टीव्हीसमोर बसून ती निवडा. शनिवारी मटकी तुम्ही भिजत घाला. आणि तिचं ताट तुमच्या ताटासोबत वाढा.