३१ अंशांच्या अलीकडे-पलीकडे

कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, हे बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. दाब ७४ बारच्या पुढे गेला की तो ना धड वायू, ना धड द्रव! वायूसारखा सहज वाहतो आणि द्रवाप्रमाणे पदार्थ विरघळवतो.

मिश्रणातले घटक वेगळे काढणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत ही अतिक्रांतिक अवस्था आली ती १९६२ साली. बाल्टिमोरमध्ये अर्न्स्ट क्लेस्पर आणि सहकाऱ्यांना पोर्फिरिन नावाची संयुगे वेगळी करायची होती. वाफ करायला जावे तर ती उष्णतेने नासतात. त्यांनी फ्रिऑन वायू दाबाखाली वापरले. आज ते काम कार्बन डायऑक्साइड करतो. तो स्वस्त आहे आणि पेट घेत नाही.

खरी कसोटी दाब ठरवण्यात. श्रोत्यांनी दोन आकडे ध्यानात ठेवावेत. ४० अंशांवर, ८० बार दाबाखाली, एका लिटरमध्ये सुमारे २८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. १०० बारला सुमारे ६३०. विरघळवण्याची ताकद घनतेवर अवलंबून असल्याने या टापूत दाब जरा हलला, की घटक कॉलम नावाच्या नळीतून बाहेर पडण्याच्या वेळाही हलतात. १५० बारपर्यंत हा चढ बराच मंदावतो. म्हणून कॉलमनंतर दाब रोखणारी झडप बसवून तिथे सहसा १०० ते १५० बार राखतात. पंपाचे डोके मात्र थंड ठेवायचे. तिथे द्रवच हवा, नाहीतर पंप वायू नुसताच दाबत बसतो.

विरघळवण्याच्या बाबतीत एकटा कार्बन डायऑक्साइड साधारण हेक्झेनसारखा. औषधांचे बरेच रेणू त्याला दाद देत नाहीत. मग ५ ते ४० टक्के मेथनॉल मिसळतात. कार्बन डायऑक्साइडची ३१ अंशांची सीमा म्हणजे त्याचे क्रांतिक तापमान; मेथनॉलचे ते सुमारे २४० अंश, त्यामुळे मिश्रणाचेही वर सरकते आणि ४० अंशांवरचा कॉलम बहुतेकदा उपक्रांतिक, म्हणजे त्या तापमानाखालचा, ठरतो.

बिघडत काहीच नाही. दाब पुरेसा असेल तर मिश्रण फुटत नाही, चिकटपणा कमी राहतो, प्रवाह वेगाने सोडता येतो. अतिक्रांतिक असण्याचा हट्ट सोडून घनतेवर नजर ठेवणे शहाणपणाचे. एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले औषधी रेणू कंपन्या याच पद्धतीने वेगळे करतात. झडपेतून सुटताना वायू पसरून इतका गारठतो, की झडप तापवावी लागते. एरवी बर्फ साचून वाटच बंद व्हायची.